पूल आणि खिंडीतली काटी

निवृत्त झाल्यापासून मला कुणी व्याख्यानाला बोलावलं की शेवटी एक प्रश्न ठरलेला. 'सर, ते अवकाशातलं भोक, वर्महोल, त्यातून माणूस पलीकडं जाईल का हो?' विचारणारा असा हसत असतो, जणू मी खिशात तिकिटं घेऊनच आलोय. डोकं सणकतं माझं. आवाज चढतो, आणि पुढच्या रांगेतले आयोजक घाबरून घड्याळाकडं बघायला लागतात. मी घरी आल्यावर बायको म्हणते, 'एवढं खेकसायला काय झालं? सरळ नाही म्हणून सांगावं की.' मला नाही सांगता येत सरळ. ज्या उन्हाळ्यात मी हे सगळं पहिल्यांदा वाचलं, त्याच उन्हाळ्यात आमच्या गावावरच्या खिंडीत माणसांची डोकी फुटली. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच जागी बसल्यात, त्या सुट्या करणं मला जमलेलं नाही.

आमचं गाव भोर संस्थानातलं. मागं डोंगराची धार, आणि धारेपलीकडं वेल्ह्याच्या अंगाला दुसरं गाव. मधे एकच खिंड. दोन बैल शेजारी चालतील एवढीच रुंद. आमचा देव हा भाऊ आणि त्यांची देवी ही त्याची बहीण, असं दोन्ही गावं मानायची. चैत्रात जत्रेला दोन्ही पालख्या वाजतगाजत खिंडीत यायच्या, दांडीला दांडी लावायच्या. त्याला भेट म्हणत. रोटीबेटीचा व्यवहारही त्याच वाटेनं. माझी एकुलती एक धाकटी बहीण त्या गावात दिली होती. लहानपणी ती माझ्याशी भांडताना चावायची. माझ्या मनगटावर तिच्या दाताचा व्रण अजून आहे.

तिच्या लग्नानंतर वर्षभरात वैर पेटलं. धारेवरचं कुरण कुणाचं, यावरून. त्यांची गुरं आमच्या राखीव गवतात शिरली. आमच्या चौघांनी त्यातल्या दोन बैलांच्या मागच्या पायांच्या शिरा विळ्यानं तोडल्या. मुकं जनावर! ते बैल फरफटत, हंबरत धारेवरून खाली गेले, आणि आमची माणसं वर उभी राहून हसत होती. हे मी माझ्या गावाबद्दल सांगतोय, शत्रूबद्दल नाही. चार दिवसांत आमच्या गवताच्या गंजी पेटल्या. आमच्या ढोलाचे मानकरी, म्हणजे भेटीच्या वेळी ज्यांच्या हाताकडं बघून सगळे ढोल वाजायचे आणि थांबायचे ते म्हातारे, समजूत घालायला म्हणून एकटे खिंडीत गेले. त्यांच्या मानेत कुऱ्हाड बसली. दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा तेवढाच एक माणूस होता, आणि नेमका तोच गेला.

मग खिंडीत काटी पडली. काटी म्हणजे करवंदीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून वाट बुजवायची. पुरुषभर उंच काटा. तो ओलांडून जो कुणी येईल त्याला तोडायचा, आणि तोडणाऱ्याला गाव जाब विचारणार नाही, असा आमच्याकडचा रिवाज. दोन्हीकडून काटी पडली की सोयरीक असो, मैत्री असो, सगळं तिथं संपलं. पालख्यांची भेटही बंद पडली.

बहीण पलीकडं राहिली.

तिची खबर आणायचे धारेवरचे मेंढके. मेंढरं कुणाच्याच वैरात नसतात, त्यामुळं त्यांना कुणी अडवत नसे. त्यातला एक जण माघात आमच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि मान खाली घालून आईला म्हणाला, 'पोरीला न्या हितं. दिरानं उलथनं तापवून डागलंय हातावर. म्हनतो, तुज्या भावकीनं आमचं बैल लंगडं केलं. नवरा बगत बसतो नुसता. आन् पोरगी पोटुशी हाय.'

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. वडील दुसऱ्याच दिवशी निघाले, धारेला वळसा घालून, भोरवरून लांबच्या रस्त्यानं. ते हात जोडून त्या गावाच्या शिवेवर उभे राहिले. दिरानं पायातलं पायताण काढून त्यांच्या तोंडावर मारलं. मग बाकीच्यांनी काठ्यांनी झोडपलं. परत आले तेव्हा पुढचे दात नव्हते आणि एक डोळा मिटलेला होता. संस्थानच्या फौजदाराकडं गेलो तर तो म्हणाला, 'नवऱ्याच्या घरातली बाई आम्ही कशी उचलून आणायची?' वडिलांच्या तोंडातलं रक्त दिसत असताना तो हे म्हणाला.

एवढं सगळं कळूनही मी पुण्याला कॉलेजात परतलो, कारण घरात बसून दात-ओठ खाण्यापलीकडं मला काही करता येत नव्हतं. फिजिक्सचा विद्यार्थी. आमच्या सरांनी एक परदेशी नियतकालिक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, 'वाच. नाही कळलं तरी वाच.' निम्मं खरंच कळलं नाही. जे कळलं ते असं.

एकोणीसशे पंधरा साली गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणं आली. महायुद्ध पेटलेलं होतं. जर्मनीचा एक खगोलशास्त्रज्ञ रशियाच्या आघाडीवर तोफखान्यात होता. तोफांच्या दणदणाटात बसून त्यानं त्या समीकरणांचं पहिलं नेमकं उत्तर काढलं : एकाच गोल वस्तूभोवती अवकाश कसं वाकतं याचं. काही महिन्यांत तो आजारी पडून मेला. पुढं व्हिएन्नातल्या एकानं त्या वाकण्याचा आकार दाखवला, नरसाळ्यासारखा आत उतरत जाणारा. पण त्या उत्तरात एक जागा अशी होती की तिथं गणित फाटायचं. आकडे अनंताकडं पळायचे, अर्थ उरायचा नाही. वीसेक वर्षं ते तसंच चाललं. मग एकोणीसशे पस्तीस साली समीकरणांचा मूळ कर्ताच पुन्हा त्याच्या मागं लागला. तोवर त्याच्या देशात त्याची पुस्तकं जाळली होती, घर हिसकावलं होतं, आणि तो अमेरिकेत जाऊन राहिला होता. तो आणि त्याचा एक तरुण सहकारी, दोघांनी लिहिलं की ती फाटकी जागा ठेवायचीच नाही. तिथं पोचायच्या आधीच अवकाशाचा दुसरा पदर आणून जोडायचा. दोन पदर, आणि मधे एक अरुंद गळा. त्या गळ्याला त्यांनी पूल म्हटलं. कुणाला पलीकडं धाडायचा त्यांचा विचारच नव्हता. पदार्थाचे जे मूळ कण आहेत ते म्हणजेच असले पूल असतील, असं त्यांना वाटत होतं.

मी तो लेख खोलीत उभा राहून वाचला. दोन पदर आणि मधे अरुंद गळा! मला दुसरं काय दिसणार होतं? वर आमची धार दिसली, खिंड दिसली, आणि पलीकडच्या पदरावर बहीण. हे शास्त्र नव्हे, हे मला त्याही वेळी कळत होतं. पण रडू आलं. लाज वाटत नाही सांगायला.

सुट्टीत घरी आलो तेव्हा काकांना हे सांगितलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. बहिणीला त्यांनीच खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. अंगानं दांडगे, पहिलवानकी केलेले, हातात कायम लोखंडी वळं बसवलेली काठी. मी त्यांचं घोंगडं मागितलं, दुमडलं, दोन्ही पदर एकमेकांवर ठेवले. चिलमीचा निखारा पडून त्याला एक भोक पडलेलंच होतं. त्यातून त्यांचं बोट घातलं आणि म्हणालो, 'काका, आता हे टोक आणि ते टोक लांब नाहीत. मधला सगळा पल्ला गाळून इथून तिथं.'

'आयला!' काका म्हणाले. 'मंग मानूस जातं का त्येच्यातनं?'

'त्यांनी माणसासाठी नाही लिहिलेलं, काका. कणांसाठी लिहिलंय.'

'मंग काय चुलीत घालायचंय त्ये? एवढं शिकून माझ्या घोंगड्याचं भोक दावायला आलास व्हय रं?' काका हसले आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कोलमडलो. मग हसू थांबलं. घोंगडं झटकून खांद्यावर टाकत ते म्हणाले, 'पोरगी आनायची. पूल न्हाई तर न्हाई. डोस्की फोडून आनू.'

त्यांना डोकी फोडायची वेळ लगेच आली नसती, पण चैत्राच्या तोंडावर दोन्ही गावांच्या गुरांत रोग शिरला. तोंडातून लाळ, खुरांत जखमा, रोज एक-दोन जनावरं मातीआड. पलीकडच्या देवळात कौल लावला, आमच्याही लावला. दोन्हीकडं एकच निघालं : बहीण-भावाची भेट तुंबली म्हणून कोप झाला. माणसं देवाला घाबरली. मेंढक्यांकरवी निरोप गेले-आले, आणि जत्रेच्या दिवशी सकाळी खिंडीतली काटी बाजूला ओढायचं ठरलं. भेट होईल. ढोल वाजतायत तोवर कुणी कुणावर हात उचलायचा नाही.

आणि भेटीचा एक जुना रिवाज होता. आमच्या बायकांनी देवीची ओटी भरली, की पलीकडं दिलेल्या आमच्या मुली जोडलेल्या पालख्यांच्या खालून वाकून अलीकडं यायच्या. देवाखालून आलेल्या माहेरवाशिणीला कुणी अडवत नसे, नवराही नाही. मेंढक्यानं बहिणीला ते कानात सांगितलं. तिचा उलटा निरोप आला : 'आईला म्हनावं, म्या येतेय. हिरवं लुगडं नेसून येतेय.'

आईनं त्या दिवशी खोलीत पलंग लावला, चुलीवर आळीव घातले. गावात लोक जनावरं पुरत होते आणि आमच्या घरात तुपाचा वास येत होता.

जत्रेच्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही खिंडीत पोचलो. काठ्या न आणायचं ठरलं होतं. सगळ्यांनी आणल्या होत्या. तरण्या पोरांच्या कमरेला गोफणी गुंडाळलेल्या दिसत होत्या. काटी दोन्हीकडून ओढून कडेला लावली. ढोल असे घुमत होते की कड्यावरची पाखरं उठली. पालख्या आल्या, झुलल्या, पुढं-मागं झाल्या आणि दांडीला दांडी लागली. दोन्हीकडून भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या. हवा पिवळी झाली, माणसांचे चेहरे ओळखू येईनात. मला पलीकडच्या बायकांत हिरवं लुगडं दिसलं. तीच. पोट पुढं आलेलं, हात कमरेला. तिनं मला पाहिलं आणि हात वर केला. तिच्या दंडावर डागल्याच्या खुणा होत्या. आई ओटीचं ताट घेऊन पुढं झाली.

ती ओटी भरायला वाकली, आणि पलीकडचे ढोल थांबले.

पुढचं नीट कळावं म्हणून इथंच सांगतो. देवीची ओटी भरताना ढोल थांबवायचे हा दोन्ही गावांचा जुना रिवाज होता. देवीनं आपल्या भावाला, म्हणजे आमच्या देवाला, काय मागणं मागितलं ते ऐकू यावं म्हणून. आमचे मानकरी हात वर करायचे आणि दोन्हीकडचे ढोल एकदमच थांबायचे, त्यामुळं आधी कोण थांबलं हा प्रश्नच येत नसे. आता मानकरी नव्हते. आमचे ढोलिये नवे, विशीतले. त्यांनी हे कधी केलेलं नव्हतं. त्यांना एवढंच पाठ होतं की ढोल वाजतायत तोवर तह. पलीकडचे ढोल थांबले म्हणजे पलीकडच्यांनी तह मोडला.

'दगा!' कुणीतरी ओरडलं. 'दगा क्येला भाड्यांनी!'

पहिला दगड आमच्या बाजूनं सुटला. गोफणीचा. तो त्यांच्या पालखीच्या खांदेकऱ्याच्या कपाळावर बसला आणि तो जागच्या जागी खाली बसला. पालखी कलंडली. देवीचा मुखवटा धुळीत घरंगळत गेला. मग कुणी कुणाचं राहिलं नाही. दगडांचा मारा सुरू झाला, काठ्या हाडांवर बसल्याचे आवाज यायला लागले. मी एका पोराच्या नाकावर बुक्की मारली, त्यानं माझ्या गुडघ्यावर काठी घातली आणि मी आडवा झालो. माझ्यावर आणखी कुणी पडलं, त्याचं रक्त माझ्या तोंडात गेलं. वडील आईला मागं ओढायला धावले, त्यांच्या डोक्यात दगड बसला, ते खिंडीच्या तोंडाशीच पडले.

पायांच्या गर्दीतून मला बहीण दिसली. दिरानं तिची वेणी धरली होती आणि तो तिला मागं फरफटत होता. तिनं कुणाच्या तरी कमरेचा विळा उपसला आणि त्याच्या मनगटावर घातला. सपकन! तो किंचाळला, वेणी सुटली. लहानपणी मला चावणारी तीच ती. शाबास, असं मी ओरडलो. ती पोट एका हातानं धरून सरळ वडिलांकडं धावली, कपाळापासून हनुवटीपर्यंत भंडाऱ्यानं पिवळी, हिरवं लुगडंही पिवळं झालेलं, तोंड उघडं, केस सुटलेले, दुसऱ्या हातात रक्ताळलेला विळा. खिंड ओलांडली तिनं. अलीकडं आली. आमच्या मातीत आली.

पडलेल्या वडिलांच्या दोन्ही अंगांना पाय रोवून काका काठी फिरवत होते. त्यांना दिसली ती पलीकडची एक बाई, विळा उपसून त्यांच्या पडलेल्या भावावर धावून येणारी.

मी ओरडलो, 'काका! आपली हाय! आपली हाय ती!' त्या कल्लोळात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. लोखंडी वळ्याची काठी खाली आली.

पुढं पंचविसेक वर्षांनी, मी कॉलेजात शिकवत असताना, अमेरिकेतल्या दोघांनी त्या पुलाचं गणित पुरं करून दाखवलं. असा पूल उघडतो आणि लगेच मिटतो. प्रकाशाचा किरणसुद्धा पलीकडं पोचायच्या आत गळा आवळला जातो. वर्महोल हे नाव त्याला त्याच्या थोडं आधी पडलं होतं, सफरचंद पोखरणाऱ्या अळीवरून. आणखी पंचविसेक वर्षांनी काहींनी म्हटलं की गळा उघडा ठेवायचा तर आतून बाहेर रेटणारं, ऋण ऊर्जेचं काहीतरी लागेल. पुरेल एवढं तसं काही कुणाच्या हाती लागलेलं नाही. समीकरणांत वर्महोल पक्का बसलाय. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांचा सांधा शोधणारे त्याच्यावर अजून झुंजतात, आणि ते झुंजणं खरं आहे, पोरखेळ नाही. आकाशात मात्र एकही दिसलेला नाही. ते मिटण्याचं गणित मी ज्या दिवशी वाचलं, त्या दिवशी मी वर्गात गेलो नाही. हातातला खडू भिंतीवर फेकून फोडला. कागदावर ते किती स्वच्छ होतं! उघडतो, मिटतो. मधे कोण होतं, हे कागदाला विचारता येत नाही.

बहीण लगेच गेली नाही. भांडण आपोआप विझलं, कारण धडपणे उभं राहील असं दोन्हीकडं फारसं कुणी उरलं नव्हतं. काकांनी वाकून तिच्या तोंडावरचा भंडारा पुसला. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी नंतर कधीही, कुठल्याही जनावराचासुद्धा ऐकला नाही. त्यांनी तिला उचललं आणि छातीशी धरून उतार उतरायला लागले. मी लंगडत मागं. वाटेत तिला शुद्ध आली. डोळे उघडले नाहीत, पण अंगाच्या वासानं ओळखलं असावं.

'काका,' ती म्हणाली, 'हळू चाला. पोटातल्याला हादरं बसत्यात.'

काका हळू चालले. एवढं हळू की उतरायला दुपार टळली. आईनं लावलेल्या पलंगावर तिला ठेवलं. सुईण आली, तिनं पोटाला हात लावला आणि आईकडं बघून मान हलवली. दिवे लागायच्या आत बहीणही गेली. ती माहेरी पोचली होती, एवढंच काय ते.

सकाळी अंगणात तिरडी बांधली. वडील डोक्याला फडकं गुंडाळून भिंतीला टेकून बसले होते, त्यांना उभं राहवत नव्हतं. काका गोठ्यात जाऊन बसले होते आणि खांबावर डोकं आपटत होते. खांबाला रक्त लागलेलं होतं. गावातली माणसं दारात उभी, कुणी त्यांना थोपवायला पुढं होईना. घाव कुणाच्या काठीचा ते तोवर सगळ्यांना कळलं होतं. आईलाही.

आई गोठ्यात गेली. मला वाटलं, आता ही त्यांना काहीतरी हाणणार. मी मागं धावलो. तिनं काकांच्या दंडाला धरलं.

'भावजी, उटा,' ती म्हणाली. 'रडायचं न्हाई. म्याबी रडलेली न्हाई. ह्यांच्यानं उटवत न्हाई. पयला खांदा तुमी द्यायचा.'

काका तिच्या पाया पडायला वाकले तशी ती मागं सरली आणि घरात निघून गेली. काका उठले. ओढ्यापर्यंत त्यांनी एकदाही कुणाला खांदा बदलू दिला नाही. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले आणि आमच्याच घरात जगले. आईनं रोज दोन्ही वेळेला स्वतःच्या हातानं त्यांना गरम भाकरी वाढली, ते मरेपर्यंत, आणि त्यांच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही.